दीड तासाचं अंतर

कासाब्लांका ते मॉन्ट्रियल हे अंतर दीड तासाचं आहे, याबद्दल लाल्ला रकियाच्या मनात तीळभरही शंका नव्हती. दोन वर्षांपूर्वी तिची एकुलती एक लेक गिझलान नोकरीसाठी तिकडे निघाली, तेव्हा टॅक्सीवाल्या बुअझ्झानेच तिकीट वाचून दाखवलं होतं. "पाचला उडणार, साडेसहाला उतरणार. आपण आपल्या खुरीबगाहून इथे कासाब्लांकाला येतो ना लाल्ला, तेवढंच!" बुअझ्झा तीस वर्षं टॅक्सी हाकत होता. अंतराच्या बाबतीत त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

त्या दिवशी लाल्ला रात्रभर फोनपाशी बसून राहिली. फोन आला तो दुसऱ्या दिवशी सकाळी आठला. "साडेसहालाच उतरले गं आई," पोरगी म्हणाली. म्हणजे संध्याकाळी पोहोचलेल्या लेकीला रात्रभर आई आठवलीच नाही! वर दीड तासावर राहून दोन वर्षांत एकदा फिरकली नाही. 'इथलं घड्याळ वेगळं आहे' म्हणायची. असेल. सरकारने काटे पुढे केल्यापासून खुरीबगातही जुनी वेळ आणि नवी वेळ असतेच की, तासाभराच्या फरकाची. तेवढ्यासाठी कोणी आईला विसरतं?

आता लेकीचे दिवस भरत आले, म्हणून लाल्ला निघाली होती. मांडीवर बाळंतिणीसाठी सेल्लूचा डबा, त्यात भाजलेलं पीठ, बदाम, मध सगळं सढळ हाताने घातलेलं. आणि पोटात राग, तोही सढळच.

विमान उडून दीड तास झाला, तशी तिने चपला घातल्या, डोक्याचा रुमाल घट्ट बांधला आणि डबा घेऊन उभी राहिली.

"कुठे निघालात, मावशी?" शेजारच्या सीटवरच्या हफीदाने विचारलं. ती मॉन्ट्रियलला नर्स होती.

"उतरायचं नाही का? दीड तास झाला. का ड्रायव्हर रस्ता चुकला?"

हफीदाला हसू आवरेना. "बसा, मावशी. अजून सहा तास आहेत. साडेपाच हजार किलोमीटर जायचंय, खाली नुसता समुद्र."

"तिकिटावर साडेसहा लिहिलंय की!"

"ते तिकडचे साडेसहा. तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेबारा वाजलेले असतात."

लाल्ला मटकन खाली बसली. बराच वेळ बोटं मोजत राहिली. मग घाबरतच तिने विचारलं, "आणि आपल्याकडे सकाळचे आठ, तेव्हा तिकडे?"

"रात्रीचे दोन."

म्हणजे आईची झोपमोड नको म्हणून पोर थांबली होती. एवढा प्रवास करून, परक्या गावात, रात्री दोनपर्यंत जागी! लाल्लाला रडू फुटलं आणि रडता रडताच हसू आलं. दोन वर्षं छातीवर बाळगलेला धोंडा कुठल्या कुठे गेला. लेक लांब होती, दुरावली नव्हती. लाल्लाने डबा उघडला आणि हफीदाच्या हातावर मूठभर सेल्लू ठेवला.

"खा गं पोरी. आणि त्या बुअझ्झाला म्हणावं, तू आपली टॅक्सीच हाक!"

विमानतळाच्या दाराशी गिझलान कमरेवर हात ठेवून अवघडून उभी होती. आईला बघताच तिचा चेहरा पडला. फोनवरचे टोमणे ऐकून ती मनाची तयारी करूनच आली होती.

"आई, अजून रागावली आहेस?"

लाल्लाने तिचा चेहरा ओंजळीत धरला.

"एवढ्या लांब एकटी आलीस होय गं तू?"