वर म्हणजे चालू

खटक्याची दांडी. निकेलची, करंगळीच्या पेराएवढी, टोकाला जराशी फुगीर, सकाळच्या पहिल्या स्पर्शाला थंड.

बाथरूमच्या दाराखालून येणारी वाफ — आणि आत कोणी नाही.

अकरा वाजताचं ऊन अंगणभर, आणि पोर्चमधला दिवा आपला इमानेइतबारे जळतोय.

“कुणाची लेक गं तू, बाई?”

एसटीच्या ड्रायव्हरची सीट. डाव्या कडेला रेक्झिन फाटलेलं, त्या फटीत कुणाचं तरी जुनं तिकीट.

गच्चीवरून पाणी. थेंब नाही, धार.

“सहज, आई. सहज दाखवून येऊ.”

शंभर पानी वही, निळं कव्हर, कव्हरवर नाव नाही.

वही सरोजिनीला गुरुवारी सकाळी सापडली, मल्टिमीटरचा सेल शोधताना, नवऱ्याच्या कपाटात, शिलालेखांच्या जाड पुस्तकांमागे. रेणुकादासांनी पस्तीस वर्षं कॉलेजात इतिहास शिकवला होता. काही लपवायचं तर ते पुस्तकांमागेच लपवणार, हे तिला ठाऊक होतं. पण लपवण्यासारखं या माणसाकडे असतं काय? तिनं उभ्याउभ्याच वही उघडली. बारीक, सरळ, परीक्षेचे पेपर तपासणाऱ्याचं अक्षर.

‘१४ जून. गिझर दोन तास चालू. स. म्हणाली, मी बंद केला होता.’

‘२१ जून. टाकीच्या मोटारीचं बटण. टाकी वाहिली. साक्षीदार : जगदेवी.’

‘२६ जून. पंखा लावला असं समजून स. अर्धा तास पंख्याखाली बसली. पंखा बंद. म्हणाली, लाईट गेली वाटतं. लाईट होती.’

‘२ जुलै. पोर्चचा दिवा. आदल्या संध्याकाळपासून.’

अशा सतरा. प्रत्येकीला आकडा. आणि सतराव्याखाली, तारखेशिवाय — ‘अनिमेषला कळवले.’

म्हणजे काल पुण्याहून लेकाचा फोन आला तो असा. रविवारी येतो म्हणाला. तिकडे एक चांगले डॉक्टर आहेत, सहज दाखवून येऊ… आणि मग तुम्ही दोघं राहाच ना इकडे, घर काय, भाड्यानं देता येईल… आणि ते विमानाचं, आई, ते आता बास कर, डोक्याला त्रास. त्यानं तीनदा ‘सहज’ म्हटलं होतं. सहज म्हणून नेलेली माणसं परत येत नाहीत. तिनंच नाही का तिच्या आईला निलंग्याहून लातूरला सहज आणलं होतं? केवळाबाईचं सुरू झालं ते चुलीवर दूध विसरण्यानं, मग म्हशीचं नाव, मग वाट, मग शेवटची चार वर्षं या समोरच्या पलंगावर, सरोजिनी वेणी घालायला बसली की मान वळवून, अगदी मायेनं, परक्या बाईची विचारपूस करावी तसं… कुणाची लेक गं तू.

तिनं वही मिटली. पोटात काहीतरी सुटं झालं, घट्ट बसवलेला स्क्रू आपोआप फिरत बाहेर यावा तसं. त्रेसष्ट. आईचं सुरू झालं तेव्हा आईचं वय किती होतं? कुणी लिहून ठेवलं नाही. आईला नवरा इतिहासाचा मिळाला नव्हता.

पण लिहिलेलं असलं की एक होतं — ते वाचता येतं. आणि सरोजिनीनं आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेडच्या पोरांना एकतीस वर्षं एकच गोष्ट ओरडून ओरडून शिकवली होती : फ्यूज बदलायला धावू नका रे, आधी यादी करा, काय काय बंद पडलं ते एकाखाली एक लिहा आणि मग बघा, सगळ्यांत सारखं काय आहे. तिनं स्वयंपाकघराच्या ओट्यावर वही ठेवली, लाल पेन्सिल घेतली.  पहिल्या नोंदीपासून सुरुवात केली.

गिझर : बटण. मोटार : बटण, पंधरा अँपियरचं, पण बटणच. पंखा, पोर्च, पुन्हा गिझर, देवघरातला बल्ब… बटण, बटण, बटण. गॅस एकदाही राहिला नाही? नाही, गॅस फिरवायचा असतो. गोळ्या? दोन्ही वेळच्या बरोबर. दार, किल्ली, मीठ, दुधवाला, जगदेवीच्या सुट्टीचे वार… काही नाही. बारावी नोंद तेवढी वेगळी निघाली : ‘फोनवर नात उर्वीला मालविका म्हणाली.’ मालविका तिची धाकटी बहीण. तिनं बारा या आकड्याभोवती गोल काढला आणि पुढे गेली. पोरांनाही ती हेच सांगायची, एक न बसणारा बिघाड खोडायचा नाही, गोल करून ठेवायचा.

सतरापैकी सोळा. आणि मग तिला न लिहिलेलं दिसलं. दारामागच्या मेन बोर्डवरचे एमसीबी, वीज जास्त झाली की आपोआप पडणारे खटके. पावसाळ्यात रोज पडायचे ते, रोज तीच उचलायची. तिथे एकही चूक नाही. एकही! का नाही? एमसीबी तर… एमसीबी वर केला की चालू होतो.

ती मागच्या खोलीत गेली. गेली म्हणण्यापेक्षा तिचे पाय गेले.

खोलीत तिचं विमान होतं. अर्धंच, पुढून, पंख नाहीत, शेपूट नाही. जुन्या रॅकच्या लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा, प्लायवूडचा पॅनेल, समोर कॉम्प्युटरचे तीन पडदे, आणि मधोमध ते काळं हँडल, ज्याच्यामुळे हे सगळं लागलं मागं. निवृत्तीनंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात भंगारवाल्या संगप्पाच्या दुकानात ती तांब्याची तार बघायला गेली होती आणि संगप्पानं ढिगातून उचलून दाखवलं होतं, “म्याडम, हे एक स्टेरिंग आलंय बघा, पर अर्धंच हाय. वरचा भाग कुणी कापून नेला की काय की. अर्ध्या स्टेरिंगला कोण गिऱ्हाईक?” तिनं हातात घेतलं. दांडा गंजून जाम. आणि तिला कळलं होतं की हे अर्धं नाही, हे एवढंच असतं, कुठल्या तरी बंद पडलेल्या वैमानिक शाळेचं हे विमानाचं हँडल होतं. गाडी चालवणारा गोल फिरतो, उडणाऱ्याला पूर्ण गोल लागतच नाही. महिनाभर रॉकेलमध्ये बुडवून, पॉलिश पेपरनं घासून, नवे बेअरिंग घालून तिनं तो दांडा सोडवला होता — आणि ज्या दुपारी तो पहिल्यांदा लोण्यासारखा आत गेला आणि बाहेर आला, त्या दुपारी ती जेवली नव्हती.

पॅनेलच्या खालच्या ओळीत बारा खटके. तिनं ते पहिल्यांदा बसवले तेव्हा विचारसुद्धा केला नव्हता. भूकंपानंतर किल्लारीची नवी घरं उठली तेव्हा चाळीस पोरं घेऊन तिनं तिथे वायरिंग केलं होतं, घरामागून घर, बोर्डामागून बोर्ड, आणि ओरडत राहिली होती, “बटण उलटं बसवू नका रे, खाली म्हणजे चालू!” — त्या हातानं विमानाचे खटकेही तसेच बसवले, खाली म्हणजे चालू. आणि कित्येक महिने पडद्यावरच्या नांदेडच्या धावपट्टीवरून विमान उठायचं आणि मध्येच मरायचं. कारण विमानाची यादी म्हणायची पंप वर, बत्ती वर, मास्टर वर, आणि तिचा घाईतला हात ते बरोबर उलटं करायचा. शेवटी मे महिन्यात तिनं अख्खा पॅनेल उघडला, बाराच्या बारा खटके अर्धा फेरा फिरवून बसवले, आणि मग रोज दोन तास… रोज दोन तास… हाताला नवं शिकवलं.

मे. पहिली नोंद चौदा जूनची.

ती विमानात बसवलेल्या एसटीच्या सीटवर बसली. तिनं हात उचलला आणि हवेतच, समोर काहीही नसताना, त्याला म्हटलं, चालू. हात वर गेला. म्हटलं, बंद. हात खाली आला… आणि तिकडे बाथरूममध्ये, दुसऱ्या कुणी चालू केलेल्या, म्हणजे खालीच असलेल्या बटणाला आणखी खाली दाबून, बंद केलं या समाधानात, निघून गेला. मी विसरले नव्हते. मी प्रत्येक वेळी बंद केलं होतं. विमानासारखं बंद केलं होतं!

ती हसायला लागली. हसता हसता तिला खोकला आला.

“काय झालं म्याडम?” जगदेवी ओल्या हातांनी दारात. निलंग्याकडचीच, सहा वर्षं घरात कामाला, कुणाला न भिणारी. “यकट्याच हसून राहिल्यात.”

“जगदेवी, मी शहाणी आहे.”

“ते तर म्या आल्यापासून म्हणते. सर न्हाई म्हणत?”

सर अंगणात पेपर वाचत होते. तिनं वही त्यांच्या पेपरवर ठेवली. रेणुकादासांचा चेहरा असा पडला की तिला क्षणभर दयाच आली.

“अगं… ते अनिमेष म्हणाला म्हणून… डॉक्टरांना नोंदी लागतात.”

“नोंदी चांगल्या आहेत हो. साक्षीदारासकट. जगदेवीची सही तेवढी राहिली.”

“सरोज, मी निष्कर्ष काढलेला नाही.”

“अनिमेषला कळवलंत, ते काय मंगलाष्टक म्हणायला? उठा. तुमचा मफलर घ्या. माझे डोळे बांधायचेत.”

त्यांनी बांधले. वाद घालण्यापेक्षा बांधणं सोपं, हे ते बेचाळीस वर्षांत शिकले होते. मग शेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून त्यांनी यादी वाचली, वर्गात हजेरी घ्यावी तशी, मुद्दाम क्रम मोडून. बीकन. पंप. मास्टर. लँडिंग लाईट. काळोखात तिचा हात जात होता आणि दांडी तिथेच सापडत होती, आणि बोट लागताच वर, दर वेळी वर, न विचारता, न आठवता — आठवायचं कशाला, हाताला कुठे आठवावं लागतं, हात म्हणजेच आठवण. बारापैकी बारा.

मफलर सुटला तेव्हा रेणुकादास तिच्याकडे नाही, खटक्यांकडे बघत होते. “म्हणजे गिझर…” ते हळू म्हणाले.

“गिझर.”

“आणि पंखा?”

“मी वर केला. तो आधीच वर होता. खाली बसून वाऱ्याची वाट बघितली, वेड्यासारखी.”

“आणि बारावी नोंद?”

 तिनं किल्ली फिरवली.

नांदेड. पडद्यावर धावपट्टी, दूर गोदावरीची करडी रेघ. यापूर्वी ती इथून कितीदा उठली होती, आणि लातूरला एकदाही धड उतरली नव्हती. कधी शेतात, कधी धावपट्टीच्या आधी, एकदा तर धावपट्टी दिसत असताना घाबरून तिनं सगळं बंदच केलं होतं, खटकेही आणि उडणंही. आज जमिनीनं सोडलं तेव्हा तिच्या छातीत काही धडधडलं नाही. लोहा गेलं, अहमदपूर गेलं. रेणुकादासांनी खुर्चीचे दोन्ही हात धरले होते.

“सरोज, जरा सावकाश.”

“अहो, आपण घरात आहोत.”

“हो, पण तरी.”

“ह्यो कोणता गाव?” जगदेवी आता पदराला हात पुसत आतच आली होती.

“चाकूर. नांदेडहून निघालो, लातूरला चाललोय.”

“लातुरात बसून?”

“हो.”

“लातुरात बसून नांदेडाहून लातूरला येऊन राहिलात!” जगदेवीनं जरा विचार केला. “असू द्या. तिकीट तरी न्हाई.”

आणि मग ती दिसली. तपकिरी जमिनीवर खडूनं मारलेली रेघ, एवढीशी, तिरकी… सरळ होत गेलेली. आवाज कमी. नाक किंचित वर. हात आपोआप डावीकडे, बत्ती, वर. कुणी सांगितलं नाही. रेघ रुंद होतेय, काठ दिसताहेत, मधले पांढरे पट्टे धावताहेत अंगावर, आणि आता नेहमीसारखी ती भीती येईल, म्हणेल सोड, बंद कर, तुझं काम नाही — ये की, मी इथेच आहे, मी उतरते आहे, थांब जरा, थांब… ओढ… थोडं आणखी… चाकं टेकली. उडाली. पुन्हा टेकली. धरून ठेव. धरलं. पट्टे मंद झाले, मोजता येऊ लागले, आणि थांबले.

तिनं हँडल सोडलं. मग रेणुकादासांनी, जे आयुष्यात सभेतसुद्धा हात राखून टाळ्या वाजवायचे, एकदम मोठ्यानं टाळी वाजवली, एकच, आणि स्वतःच दचकले. जगदेवी म्हणाली, “उतरलं का? उतरलं? कळलंच न्हाई बघा,” आणि सरोजिनीला वाटलं, याहून मोठी शाबासकी या खोलीत कुणाला देता येणार नाही.

बाहेरच्या खोलीत फोन वाजत होता. अनिमेषच असणार, या वेळी तोच करतो. रेणुकादास उठायला लागले. तिनं मानेनं नको म्हटलं. येऊ दे रविवारी. दाखवू दे डॉक्टरांना, ती जाईल, हसत जाईल, वही बरोबर घेऊन जाईल. अनिमेषला पटेल की नाही, सांगता येत नाही. लेकाला आई शिकते आहे हे पटण्यापेक्षा आई विसरते आहे हे पटणं सोपं जात असावं. आणि त्या लाल गोलाच्या आत काही असेल, तर असेलही. मालविका, उर्वी, मालविका… तिनं मनातल्या मनात म्हणून पाहिलं. ते तिथे होतं, पण सकाळी ते पोटात होतं आणि आता ते मागच्या सीटवर होतं, पट्टा बांधून. आणि चालवत ती होती.

त्रेसष्टाव्या वर्षी हा हात शिकला. नुसता शिकला नाही, घरभर सांगत सुटला, दिवे जाळून, पाणी सांडून… ज्या लातूरला एकदा दुष्काळात रेल्वेनं पाणी आलं त्या लातुरात! तिनं तो हात मांडीवर उलटा ठेवला आणि पहिल्यांदाच बघावा तसा बघितला. नखांत काळं, अंगठ्याला डाग, शिरा वर आलेल्या. फोन वाजायचा थांबला. पडद्यावरचा पंखा थांबलेल्या त्या विमानात ती तशीच बसून राहिली, पुढे काय करायचं ते तिला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसणं आज विसरण्यासारखं मुळीच वाटत नव्हतं. ते नांदेडच्या धावपट्टीच्या टोकाशी उभं राहिल्यासारखं वाटत होतं.

निलंग्याजवळच्या त्यांच्या घरात वीज आली तेव्हा सरोजिनी अकरा वर्षांची होती, आणि पहिलं बटण खाली दाबायला आईनं, केवळाबाईनं, तिला पाटावर उभं केलं होतं.