दहा यार्डांची साखळी

आमच्या गावात शुक्रवारी संध्याकाळी कुणी मरू नये म्हणतात. खांदा द्यायला माणूस मिळायचा नाही, सगळे फुटबॉलच्या मैदानावर असतात.

मी तिथे साखळी धरतो. दहा यार्डांची साखळी, दोन टोकांना दोन काठ्या. एक माझ्याकडे, दुसरी म्हाताऱ्या हॉलिसकडे. आमच्या फुटबॉलमध्ये चेंडू हातात धरून धावायचं आणि चार चालींत तो दहा यार्ड पुढे न्यायचा; तो तेवढा गेला की नाही, हे वाद झाला की आमच्या साखळीवरून ठरतं. हॉलिस एरवी तोंडाचा पट्टा सोडला की आवरत नाही, पण काठी हातात आली की तोही मुका होतो. साखळीवाल्याने टाळी वाजवायची नाही, खेळाडूशी बोलायचं नाही, पंचाने बोलावल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. स्वतःचा भाचा खेळत असला तरी.

माझा भाचा क्ले. माझ्या धाकट्या बहिणीचा, नोरीनचा एकुलता एक. नवरा तिला सोडून गेला त्याला जमाना झाला. त्या शुक्रवारी क्लेचा शाळेतला शेवटचा सामना होता. आमचा संघ इतका हरला होता की पुढच्या फेरीचं नावच नको, आणि कुठल्याही कॉलेजने त्याला आपल्या संघासाठी विचारलं नव्हतं. सोमवारी हेल्मेट शाळेत जमा करायचं आणि पुढच्या वर्षापासून कापसाच्या जिनवर गठाणी ओढायच्या. बाहेरच्याला हसू येईल. त्याने खुशाल हसावं. मीही ते हेल्मेट एकदा जमा केलंय, आणि त्यानंतर माझं नाव कुणी मोठ्याने घेतलेलं नाही.

शेवटच्या वर्षाच्या पोरांना सामन्याआधी आईबापांसोबत हातात हात घालून मैदानात आणतात. क्लेच्या बापाच्या जागी मी. आम्ही फाटकाशी रांगेत उभे होतो. वारा सुटला होता, शेतांवरची लाल धूळ दिव्यांभोवती घुमत होती. नोरीन पुढे कुणाशी तरी बोलत होती, आणि क्ले मान खाली घालून उभा होता. दिव्यांकडे बघायला तयार नव्हता.

"डोकं दुखतंय का रे?" मी विचारलं.

"नाही रे मामा."

आदल्या शुक्रवारी त्याच्या डोक्याला जबर मार बसला होता. पण आठवड्यात शाळेने संगणकावर त्याच्या स्मरणशक्तीची परीक्षा घेतली, तीत तो पास झाला, डॉक्टरने सही केली. मग आम्हीही निर्धास्त झालो.

मागे उभा असलेला त्याचा दोस्त डस्टी खिदळला. "मामा, तुम्ही कशाला घोर लावून घेताय? क्लेला नापास करणारी परीक्षा अजून जन्माला यायचीय. ऑगस्टमध्येच आम्ही सगळे मुद्दाम ढ झालो होतो."

"म्हणजे?"

"सीझनच्या आधी घेतात ना एक परीक्षा, डोकं धड असताना? शब्द लक्षात ठेवा, आकडे उलटे म्हणा. तेव्हाच निम्मं चुकवून ठेवायचं. मग मार बसल्यावर कितीही चुका झाल्या तरी गुण तेवढेच! सर म्हणतात, वा, पोरगं होतं तसंच आहे!"

क्लेने त्याला कोपर मारलं. मी क्लेला दंडाला धरून बाजूला ओढलं.

"खरंय हे?"

"सगळेच करतात, मामा."

"सगळे विहिरीत उडी मारतील, म्हणून तूही मारशील? तू आज खेळणार नाहीस."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "एकच सामना. उद्यापासून तू म्हणशील ते. तू तरी असं करू नकोस. आणि आईला सांगू नकोस, आज ती किती दिवसांनी नटलीय बघ."

ती खरंच नटली होती. मला तिथेच तिला सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी शहाणपणा केला आणि प्रशिक्षक ब्रॅनमला गाठलं. त्याने सगळं ऐकून घेतलं, माझ्या पाठीवर थाप मारली.

"डेल्बर्ट, पोरगा पास झालाय, कागदावर सही आहे. शेवटच्या सामन्याला मामालोकांचं असंच होतं. जा, साखळी धर."

मी परत येऊन क्लेला एवढंच म्हणालो, "एक जरी तडाखा डोक्याला बसला, तर काठी टाकून आत येईन. सगळ्या गावादेखत."

"ये की," तो हसला. "हॉलिस तुला काठीनेच हाणेल."

पहिला अर्धा वेळ मी खेळ बघितलाच नाही, फक्त क्लेचं हेल्मेट बघितलं. तो उत्तम खेळत होता. गर्दी त्याचं नाव घेत होती आणि नोरीन बाकावर उभी राहून ओरडत होती. मला वाटलं, उगाच भितो आहेस तू, म्हातारा झालास.

सामन्याच्या शेवटच्या पाव भागात आम्ही पुढे जायच्या बेतात होतो. चेंडू घेऊन क्ले गर्दीत घुसला आणि सगळे त्याच्यावर पडले. आवाजही फारसा झाला नाही. पोरं एकेक करून उठली, तोही उठला. चेंडू दहा यार्ड गेला की थोडक्यात चुकला, कुणाला कळेना. पंचाने आम्हाला साखळी घेऊन बोलावलं. अख्खं गाव श्वास रोखून होतं.

तेवढ्यात पुढची चाल ठरवायला दोन्ही संघ आपापलं कोंडाळं करून उभे राहिले. क्ले शांतपणे चालत गेला आणि समोरच्या संघाच्या कोंडाळ्यात जाऊन उभा राहिला. त्यांच्यातल्या एका पोराच्या खांद्यावर हात टाकला आणि वाकून ऐकायला लागला.

गर्दी हसली. ती पोरंही हसली. एकाने त्याच्या हेल्मेटवर टपली मारून म्हटलं, "अरे, घर चुकलास काय?" ब्रॅनमसुद्धा हसत होता.

मी काठी टाकली.

"डेल्बर्ट!" हॉलिस किंचाळला. "काठी! माप गेलं ना सगळं!"

पंचाने शिटी मारली. बाकांवरून लोक माझ्या सात पिढ्या उद्धारत होते. मी क्लेला त्या कोंडाळ्यातून बाहेर काढलं आणि ओढत कडेला आणलं. तोवर त्याला आपण कुठे आहोत ते उमगलं होतं. त्याने मला छातीवर बुक्के मारले.

"सोड! सोड म्हणतो ना! हरामखोर, माझा शेवटचा सामना होता!"

कुंपणामागे रुग्णवाहिका उभीच असते. चालवणारा आमच्याच गल्लीतला, त्याने नोरीनला आणि मलाही आत घेतलं. वाटेत मी तिला सगळं सांगितलं, ऑगस्टची परीक्षासुद्धा. ती नुसती क्लेचा हात चोळत राहिली.

इस्पितळ लांब होतं. दोन्ही बाजूंना काळी शेतं, रस्त्यावर चिटपाखरू नाही. क्ले स्ट्रेचरला पट्ट्यांनी बांधलेला होता आणि मला शिव्या देत होता. भेकड. जळका म्हातारा. तुझं स्वतःचं काही झालं नाही म्हणून माझं मोडलंस. आयुष्यात पुन्हा तोंड दाखवू नकोस.

"क्ले, मामाला असं बोलू नये," नोरीन म्हणाली.

"बोलू दे," मी म्हणालो. "बोलू दे त्याला."

मग तो तीच शिवी पुन्हा द्यायला लागला. पुन्हा तीच. जीभ जड झाली, अर्धी शिवी तोंडातच राहायला लागली. एकदा तो मला त्याच्या सोडून गेलेल्या बापाच्या नावाने हाक मारून शिवी द्यायला गेला आणि मधेच थांबला.

"क्ले?" नोरीन म्हणाली. तिने त्याचा गाल थोपटला. "दादा, हा गप्प का झाला?"

पुढे चालवणाऱ्याने गाडीचा वेग वाढवला. मी त्याच्या कानाशी वाकलो.

"दे रे," मी म्हणालो. "क्ले, बाळा, अजून एक दे. मी हरामखोर आहे ना? म्हण की. म्हण."