थांबलेलं रक्त

बाबांनी आजाऱ्याच्या हिरडीवर अंगठा दाबला, ओठांतल्या ओठांत काही पुटपुटले आणि रक्त थांबलं! खोलीत दाटीवाटीने बसलेल्या लोकांनी हात जोडले. मागचे माना उंच करून बघू लागले.

शिंपीणबाईचा नवरा तापाने फणफणला होता. खिळा लागून तळपायाची जखम पिकली होती. सकाळपासून हिरड्यांतून रक्त येत होतं, पोटऱ्यांवर लालजांभळे ठिपके उठले होते.

"ठिपके कसले, विष बाहेर पडतंय!" बाबा डोळे मिटून म्हणाले. "सुई टोचाल तर विषाची वाट बंद होईल. मग आमच्या नावाने खडे फोडू नका."

बाबांची पट्टशिष्या म्हणजे शिंपीणबाईची धाकटी बहीण. ती कानाशी लागली, "ताई, माझ्यावर तरी विश्वास आहे ना?"

होता. आई गेल्यावर बहिणीला शिंपीणबाईनेच लहानाचं मोठं केलं होतं. दवाखान्याऐवजी ती नवऱ्याला घरी घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी नवरा बरळू लागला. पायाची बोटं काळीनिळी पडली. तेव्हा मात्र तिने कुणालाही न विचारता दवाखाना गाठला.

जीव वाचला. दोन बोटं कापावी लागली.

नवरा शुद्धीवर आल्यावर डॉक्टरीणबाईंनी समजावलं, "जखमेतले जंतू रक्तात पसरले होते. रक्त थांबवायचं काम प्लेटलेट नावाच्या पेशींचं. जंतूंमुळे त्या नको तिथे चवताळतात, एकमेकींना चिकटून बारीक वाहिन्या तुंबवतात. बऱ्याचशा त्यातच खर्ची पडतात, उरलेल्यांत दम राहत नाही. म्हणून बोटांना रक्त पोचेना आणि हिरड्यांचं थांबेना."

"पण बाबांनी तर थांबवलं होतं!" शिंपीणबाई म्हणाली.

"अंगठा लावला तेव्हा तोंड कसं आवळून आलं होतं," नवरा क्षीण आवाजात म्हणाला. "तुरट तुरट."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "दाढी करताना कापलं की काय फिरवतात?"

"तुरटी!"

"बाबांच्या अंगठ्याला तीच असणार. वरचं रक्त तेवढं तुरटीने धरलं. आतला आजार वाढतच होता."

शिंपीणबाई तडक बहिणीकडे गेली. "तुला ठाऊक होतं?"

बहिणीने नजर चुकवली. "अंगठ्याला पूड मीच लावून द्यायचे. वाटलं, तुम्हाला धीर येईल."

"धीर काय करायचा होता गं? वेळ हवा होता आम्हाला."

बाबांच्या पुढच्या बैठकीत शिंपीणबाई उभी राहिली. स्वतःच्या बोटाला सुई टोचली, वर तुरटीची पूड दाबली, बोट सगळ्यांना दाखवलं. "थांबलं रक्त. पडा आता माझ्या पाया!"

कुणीतरी फिसकन हसलं. बाबांचा चेहरा पडला.

"जखम पिकली, ताप चढला, अंगावर असे ठिपके उठले, तर थेट दवाखान्यात जा," ती म्हणाली. "आणि कुणी चमत्कार दाखवला तर विचारा, हे झालं कसं? सख्खी बहीण सांगतेय म्हणून मी विचारलं नाही. तुम्ही विचारा."