शिल्लक

लेक अजून बोटांवरच बेरजा करते, म्हणून आईने कपाटातून पत्त्यांचा जुना कॅट काढला. चित्रं आणि दश्श्या बाजूला ठेवून बाकीचे पत्ते दोघींत अर्धे-अर्धे वाटले. खेळ तिच्या वडिलांनी लहानपणी तिला आणि दादाला शिकवलेलाच: बेरीज दहा होईल अशी जोडी खाली उघडी मांडायची, मग आळीपाळीने एकमेकांच्या हातातला पत्ता न बघता ओढायचा. शेवटी ज्याच्या हातात पत्ता उरेल तो हरला.

कुणाच्याच हातात काही उरलं नाही. पुढच्या डावातही नाही. तिसऱ्यानंतर लेक कुरकुरली, "आई, यात कुणी हरतच नाही."

पत्ते पिसणारा तिचा हात थांबला. एक्क्याला नव्वी, दुर्रीला अठ्ठी, तिर्रीला सत्ती. प्रत्येकाला जोडीदार होताच, मग उरणार कुठून? पण लहानपणी दर डावाला तिच्या हातात एक उरायचाच. दादा टाळ्या पिटायचा, "शिल्लक, शिल्लक!" तेच नाव पडलं. आपलीच कुठेतरी जोडी चुकली, असं ती धरून चालायची. पुढे हिला आकडे जमत नाहीत हे घरात ठरूनच गेलं. दादा इंजिनिअर झाला. विज्ञानाला जायचं तिने आपणहून सोडलं.

रविवारी तिने दादा-वहिनीला जेवायला बोलावलं. दादाच्या आवडीचं सगळं केलं, आग्रह करकरून वाढलं. मग सतरंजी अंथरली आणि म्हणाली, भाचीशी एक डाव होऊन जाऊ दे. शिल्लकची लेक ना ही, म्हणत दादा मांडी ठोकून बसला. वहिनी हसली. आई शेजारी फळं चिरत बसली, पण नजर दादाच्या गुडघ्यावरून हलली नाही.

डाव संपला. लेकीच्या हातात सत्ती उरली.

"घ्या, आईच्याच वळणावर गेली," दादा म्हणाला.

लेकीने दोघांच्या मांडलेल्या जोड्यांवरून एकदा बोट फिरवलं. "मामा, माझ्या सत्तीची तिर्री कुठाय?"

कॅटच अपुरा असेल, दादा म्हणाला. जुना दिसतोय.

"दादा, ऊठ."

तो वहिनीकडे बघायला लागला. उठा की, त्यात काय एवढं, वहिनी म्हणाली. तो उठला. सतरंजीवर बदामाची तिर्री होती, अजून कोमट.

तो हसला, शेवटचा पत्ता मांडीखाली सारायची लहानपणची खोड, म्हणाला. लहानपणीही दर डावाला का, असं वहिनीने विचारलं. इतकी वर्षं बहिणीला वाटायचं, त्या चिडवण्याबद्दल तरी कुणीतरी आपल्याला सॉरी म्हणावं. आता ते नकोच होतं.

"अजून एक डाव खेळ," ती म्हणाली. "या वेळी उभ्याने."

आणि बायको बघत होती म्हणून तो पत्ते हातात धरून, पोक काढून, उभ्याने खेळला. दोघांचेही हात रिकामे झाले.

निघताना लेकीने दारातून विचारलं, "शिल्लकमामा, परत कधी येणार?"

पोरीला दटावायला हवं होतं. तिने दादाच्या हातात त्याची छत्री दिली.

"सांग ना, दादा," ती म्हणाली. "विचारतेय ती."