डॉक्टर हार्जितोंची दाढ

"ते शेवटचं औषधाचं धुणं-बिणं बंद! मिठाचं पाणी मारायचं, दाढ भरायची, पुढचा पेशंट. जमत नसेल तर दुसरं क्लिनिक बघ." डॉक्टर हार्जितोंनी सोमवारी हाताखालच्या तरुण डेंटिस्टला, वेनिंगला, सगळ्यांदेखत झापलं. रेम्बांग बंदरातल्या मासळीबाजारामागचं ते क्लिनिक त्यांचं, तेव्हा हुकूमही त्यांचाच. गुरुवारी त्यांचीच खालची दाढ ठणकली आणि स्वारी गाल धरून वेनिंगच्या खुर्चीत येऊन बसली.

बाहेर बाकावर बांगडे विकणारी बु तुमिराह, म्हणजे तुमिराह मावशी, गाल सुजवून बसली होती. तिचं रूट कॅनाल हार्जितोंनी स्वतः केलं होतं, मिठाच्या पाण्यावर भागवून. दाढेच्या मुळातली नळी कोरताना भुसा भिंतींना चिकटतो, बारीक छिद्रं बुजतात. तो भुसा विरघळवणारं औषध शेवटी सोडलं नाही, तर सीलर, म्हणजे नळी बुजवायचं लुकण, कितीही भारी आणा, छिद्रांत शिरणार कुठून? हार्जितोंना हे ठाऊक नव्हतं थोडंच! त्यांना घाई होती, आणि त्या घाईची वेनिंगला मनापासून चीड होती.

तिने हार्जितोंची दाढ बधिर केली, तिच्याभोवती रबराचा पडदा ताणून बसवला, नळ्या कोरल्या. मग दोन पिचकाऱ्या त्यांच्या डोळ्यांसमोर धरल्या.

"पाक," ती साहेबांना अदबीने म्हणाली, "ही मिठाच्या पाण्याची, तुमच्या नियमातली. ही औषधाची. कोणती मारू?"

पडद्याआडून नुसतं गुरगुरणं आलं. बोट मात्र औषधाकडे गेलं.

"ही तर बंद केलीत ना तुम्ही? वेळ खाते म्हणे."

हार्जितोंनी डोळे वटारले, पण बोट काही हललं नाही.

वेनिंगने राग दाढेवर काढला नाही. औषध सोडलं, थांबली, पुन्हा धुतलं, नळ्या कोरड्या केल्या आणि मन लावून भरल्या. पडदा काढला आणि दाराकडे बघून हाक मारली, "बु तुमिराह, या आत!"

"पोरी, आता तरी नीट कर गं बाई," तुमिराह आत येत म्हणाली. "नाहीतर मासळीबरोबर मलाच बर्फात घाल."

"पाकना दिलं तेच तुम्हाला देणार." वेनिंगने त्याच औषधाची बाटली हार्जितोंसमोर ट्रेमध्ये ठेवली. "मला कामावरून काढायचं असेल तर आत्ता काढा, पाक. ह्यांच्यासमोर."

हार्जितोंनी ओरडायला तोंड उघडलं. बधिर ओठ जागचा हलेना. लाळ तेवढी शर्टावर ओघळली.

तुमिराहने खांद्यावरचं फडकं पुढे केलं. "घ्या डॉक्टर, पुसा. आणि उठा आता, माझा नंबर आहे."