फ्रीझरमधली डिस्क

"ही फ्रीझरमध्ये कुणी ठेवली होती?"

दुरुस्तीवाल्याने हार्ड डिस्क काउंटरवर आपटलीच म्हणायची. तिच्या फटीतून पाण्याचा थेंब ओघळला आणि रबरी चटईवर पडला. नवऱ्याने बायकोकडे असं पाहिलं, जणू तो थेंब तिनेच पाडला.

"मीच," तो म्हणाला. "टक् टक् वाजत होती. ऑफिसातला एकजण म्हणाला, गारठवली की होते चालू."

"आणि तशीच गार असताना जोडलीत?"

"मग काय, ऊन दाखवायचं होतं?"

"त्या ऑफिसातल्यालाही घेऊन यायचं होतं बरोबर. आत दव धरलं साहेब. तबकडी घासून पातेल्याच्या बुडासारखी झालीय. आता यातून काही निघायचं नाही."

ती इतका वेळ लेकीला कडेवर घेऊन उभी होती. लेक तीन वर्षांची. दुकानातल्या पंख्याकडे टक लावून पाहत होती.

"किती टिकते हो अशी डिस्क?" तिने विचारलं.

"तीन ते पाच वर्षं धरून चालायचं. एखादी दहा वर्षं रेटते, एखादी पहिल्या महिन्यात मान टाकते. टक् टक् झाली की बंद करून सरळ आमच्याकडे आणायची. दुसरी प्रत आहे ना कुठे?"

"नाही."

"मग तुम्ही ठेवलंच नव्हतं असं समजा."

"हिच्या फोनमध्ये जागा असती तर कशाला?" नवरा उसळला. "पोरगी शिंकली, काढ व्हिडिओ. पोरगी जांभई देते, काढ व्हिडिओ."

"म्हणून फोनमधलं पुसलंस. मला न विचारता."

"ओ, भांडण घरी न्या," दुरुस्तीवाला म्हणाला. "गिऱ्हाईक उभंय मागे."

भांडण घरी जायला वाहन लागलं नाही. घराच्या दारातच सासूबाई उभ्या होत्या.

"झालं का हिच्या मनासारखं?"

"गेली डिस्क," नवरा म्हणाला.

"चला, वाटाण्यांना जागा झाली," म्हणत त्यांनी ओट्यावरची पिशवी उचलून फ्रीझरमध्ये कोंबली.

तिने लेकीला कडेवरून उतरवलं. दोन दिवसांनी लेकीला, ती बोलत नाही म्हणून, डॉक्टरकडे न्यायचं होतं, आणि डॉक्टरबाईंनी मागितले होते ते नेमके हेच व्हिडिओ. मुलगी आधी बोलत होती आणि मग थांबली, की मुळात बोललीच नव्हती, यावर पुढचं सगळं ठरणार होतं. बोललीच नसेल तर थोडी वाट पाहता येईल. बोलून थांबली असेल तर एक दिवसही दवडायचा नाही.

आणि ती बोलत होती. दीड वर्षाची असताना. मग एकेक शब्द गळत गेला, पिकलेलं पान गळावं तसा, आवाज न करता. हे पाहिलं फक्त आईने. सासूबाई तेव्हा थोरल्या दिरांकडे राहायच्या.

"हाही चार वर्षांचा होईपर्यंत मुकाच होता," आता त्या मुलाकडे बोट दाखवत म्हणाल्या. "आज बघ, तोंड मिटतंय का? धडधाकट पोरीला दुखणं चिकटवायला निघालीय. शिकलेल्या बायकांना रिकामा वेळ वाईट."

"आई, ती बोलायची," सून म्हणाली. "मी ऐकलंय."

"तुला भिंतीही बोलताना ऐकू येतील."

नवरा हसला. लहानसंच हसला, पण हसला.

डॉक्टरबाईंच्या खोलीत लेक जमिनीवर बसून ठोकळ्यांची रांग लावत होती. रांग मोडली की पहिल्यापासून.

"व्हिडिओ आणलेत?"

"नाही मिळाले," नवरा घाईने म्हणाला. "तसंही त्यात विशेष काही नव्हतं. आमच्या घराण्यात सगळेच उशिरा..."

"तुम्ही ऐकलंय तिला बोलताना?"

"मी सकाळी निघायचो, यायचो तेव्हा ती झोपलेली असायची."

"म्हणजे नाही."

"आईनेही नाही ऐकलं."

"त्या होत्या घरी तेव्हा?"

तो गाडीच्या किल्लीशी चाळा करू लागला.

"तुम्ही सांगा," डॉक्टर तिच्याकडे वळल्या. "नुसतं बोलायची असं नको. कुठला शब्द, कसा, कधी."

मोठ्या माणसाच्या आवाजात 'चेंडू' म्हटलं तर कुणालाही ते रचलेलंच वाटेल. ती पुढे सरकली आणि आवाज बारीक केला.

"डेंडू," ती म्हणाली. "चेंडू पलंगाखाली गेला की. पोटावर झोपून, हात असा आत घालून. डेंडू, डेंडू."

"आणखी?"

"मोजे दिसले की 'पा'. पाय पुढे करायची. आणि औषधाचा चमचा आणला की 'न्नो'. मान नाही हलवायची, नाक आक्रसायची. न्नो."

"काय तमाशा लावलायस?" नवरा दबक्या आवाजात म्हणाला. "बाहेर माणसं बसलीत. डॉक्टर, ही सांगेल ते लिहून घेणार का तुम्ही?"

"हो," डॉक्टर म्हणाल्या. "पुढे."

"सगळ्यांत शेवटी गेला तो एक शब्द," ती म्हणाली. "संध्याकाळी जिन्यात पावलं वाजली की. कुणाची का असेनात, शेजाऱ्यांची, दूधवाल्याची. धावत जायची आणि दाराला दोन्ही हात टेकायची."

तिने दोन्ही तळवे टेबलाच्या कडेला टेकले. मान वर केली. आवाज बारीक होता होता शेवटी किंचित वर चढला.

"बाब्बा?"

किल्लीचा आवाज थांबला. लेकीने मान वर केली नाही. ठोकळ्याला ठोकळा लावत राहिली.

"कोणी आत आलं नाही की?" डॉक्टरांनी विचारलं.

"तिथेच बसायची. पुन्हा पावलं वाजेपर्यंत."

नवऱ्याने किल्ली खिशात टाकली. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. तळवे टेबलावर तसेच ठेवून, डॉक्टरांचं लिहून होण्याची वाट पाहत ती बसली. अजून दोन शब्द सांगायचे राहिले होते.