चोवीस भोकं

पासष्टाव्या वर्षी मी साक्षरतेच्या वर्गात वाचायला शिकलो आणि तेव्हापासून दिसेल ते वाचायची खोड लागली. एसटीची पाटी, खताची गोणी, लग्नपत्रिकेतली सगळी निमंत्रक मंडळी. त्याआधी चाळीस वर्षं गवंडीकाम केलेलं. त्यामुळे बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या एका नव्या नगरपंचायतीत वॉचमन म्हणून लागलो, तेव्हा मी स्वतःला कारागीर आणि विद्वान दोन्ही समजत होतो.

इमारत पर्यावरणाचा विचार करून बांधलेली. एसी नाही. पश्चिमेच्या भिंतीत छातीएवढ्या उंचीवर चोवीस भोकं. वारा तिथून शिरायचा आणि गरम हवा छताच्या धुराड्यातून बाहेर पडायची. हे मला नंतर कळलं. तेव्हा वाटलं, परांचीचे वासे रोवायची भोकं आहेत, गवंडी बुजवायची विसरला.

तरी मी हात लावला नसता. पण भिंतीवर रंगानं काहीतरी लिहिलं होतं. अक्षर अक्षर लावत वाचलं : 'भोक बुजवून ये.' जरा एकेरीत होतं, पण साहेब लोक वॉचमनला अहो कुठं म्हणतात? दोन दिवसांत विटांचे तुकडे आणि सिमेंट भरून चोवीसही बुजवली. वरून असा रंग दिला की भोक कुठं होतं ते मलाच सापडेना. अक्षरं तेवढी ठेवली, सरकारी लिखाण म्हणून.

एप्रिलात सभागृहाची भट्टी झाली. नगराध्यक्ष हिंदुराव मान पुसत म्हणाले, "सोनलबाई, तुमच्या वाऱ्यानं रजा काढली व्हय?"

सगळे हसले. सोनल ही इमारत आखणारी इंजिनिअर, पणदऱ्याची पोरगी. तिचं हे पहिलंच मोठं काम.

"मला दोन दिवस द्या, सर."

"आता न्हाय जमायचं. एसीचा ठराव आजच करू. आन् शाळेची नवी इमारत दुसऱ्या कुणाला तरी देऊ."

ती बाहेर येऊन भिंतीपाशी उभी राहिली. "तात्या, इथली भोकं कुठं गेली?"

"बुजवली की," मी ऐटीत म्हणालो. "हितं लिवलंय तसं. भोक बुजवून ये."

तिनं अक्षरांवरून बोट फिरवलं. "तात्या, 'बुजवू नये' आहे ते."

मी पुन्हा वाचलं. मधला 'न' मी भलत्याच घरी नांदायला पाठवला होता.

"आत बोलू नका," ती हळूच म्हणाली. "तुमची नोकरी जाईल. मी बघते काहीतरी."

आत ठरावासाठी हात वर होत होते. मी दारात जाऊन म्हणालो, "अध्यक्ष, वारा म्या बुजवलाय."

"कशापायी?"

"वाचता येतंय म्हनून."

मग सगळं सांगितलं. हिंदुराव हसून हसून खुर्चीत कलंडले. डोळे पुसत म्हणाले, "ऱ्हाऊ द्या ठराव. आधी ह्यास्नी छिन्नी-हातोडा द्या."

मी फोडायला बसलो. काम इतकं पक्कं होतं की त्या गवंड्याला मी मनात चार शिव्या घातल्या. सोनल पाटीत राडारोडा भरत होती. संध्याकाळपर्यंत चारच भोकं मोकळी झाली. पाचव्यावर घाव घालतोय तोच आतून हिंदुरावांचा आवाज आला,

"तात्या, जरा दमानं. हितं कागद उडाय लागल्यात."